उष्टावण झाले, आता खरी सुरुवात

अंबरनाथ पूर्वेला वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणाचे शिवमंदिर उभे आहे. त्यावरील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात पूर्ण झालेल्या या मंदिराचे गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे. दर्शनाला जायचे तर पायऱ्या उतराव्या लागतात. कडेवर बाळ घेतलेली आई या पायऱ्या एकेक करून, पाऊल नीट टेकवत उतरते, घाई करत नाही आणि मध्येच थांबूनही राहत नाही. बाळाच्या आयुष्यातील सहाव्या महिन्यानंतरचा टप्पाही असाच जपून, पण न थांबता पार करायचा असतो.

मंदिराच्या परिसरात, स्टेशनच्या बाजारात, पलीकडे उल्हासनगरच्या कॅम्पांत आणि बदलापूरच्या नव्या वसाहतींत अनेक जैन व्यापारी कुटुंबे राहतात. अशा घरातील सकाळ ओळखीची आहे. आजोबा देरासरातून परतलेले, घरातील पुरुष दुकानाच्या किल्ल्या शोधत असलेले, आजीची नवकारशी व्हायची आहे आणि स्वयंपाकघरात सून गाळलेले पाणी उकळायला ठेवते आहे. या सगळ्यांच्या पायांत सात महिन्यांचे बाळ पोटावर सरपटत फिरते. चप्पल, वर्तमानपत्र, बिलबुक, आजोबांची काठी, जे हाती येईल ते त्याच्या तोंडात जाते. नुकतेच त्याचे उष्टावण झालेले असते. चांदीच्या वाटीतून खीर चाटवली गेली, मामाच्या मांडीवर छायाचित्रे निघाली, पाहुणे जेवून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र घरात प्रश्न उभा राहतो, की आता याला रोज काय द्यायचे, किती द्यायचे आणि आपल्या आचारात बसेल असे काय द्यायचे?

बाळाच्या पुढच्या दीड वर्षाचे रक्त, हाडे आणि मेंदू या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

परंपरेने पाहिलेली खूण

जैन परंपरेने या टप्प्याकडे बारकाईने पाहिले आहे. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी रचलेल्या आदिपुराणात गर्भान्वय क्रियांची मालिका सांगितली आहे. त्यात बाळाला प्रथम घराबाहेर नेण्याची बहिर्यान क्रिया येते, मग त्याला आसनावर बसवण्याची निषद्या आणि त्यानंतर अन्नप्राशन. बाळ बसते झाल्यावर अन्न, असा हा क्रम आहे. श्वेतांबर परंपरेत पंधराव्या शतकातील वर्धमानसूरींच्या आचारदिनकरात क्षीराशन आणि अन्नप्राशन हे दोन वेगळे संस्कार सांगितले आहेत. दुधाचा काळ निराळा आणि अन्नाचा निराळा, हे त्यात गृहीत आहे.

आजचे बालरोगतज्ज्ञ वरच्या अन्नासाठी हीच खूण शोधतात. बाळाची मान स्थिर आहे का? आधाराने ते बसते का? घास पुढे आला की तोंड उघडते का? जिभेने तो बाहेर ढकलणे कमी झाले आहे का? ही लक्षणे साधारण सहा महिन्यांच्या सुमारास एकत्र दिसू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच आहे: पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न आणि त्यासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान.

अडचण मुहूर्ताच्या बाबतीत येते. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची चाल अनेक घरांत आहे. मग मुलीला पाचव्या महिन्यातच घास दिला जातो, किंवा घरातील लग्न, दुकानाचा हंगाम, मामांची सवड या कारणांनी मुलाचे उष्टावण आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत लांबते. बाळाच्या पोटाला हा भेद ठाऊक नसतो. सोहळा कुटुंबाच्या सोयीने केव्हाही करावा, पण घास 180 दिवस पूर्ण झाल्यावर सुरू करावा, एवढा विवेक घरातील ज्येष्ठांनी दाखवला तर संस्कारही साधतो आणि शरीरही.

उशीर का परवडत नाही

आईच्या पोटात असताना बाळ लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारण सहा महिने पुरतो. आईचे दूध सर्वोत्तम असले तरी त्यात लोह फार थोडे असते. त्यामुळे सहाव्या महिन्यानंतर लागणारे बहुतेक सर्व लोह अन्नातूनच यावे लागते. ते आले नाही तर बाळ हळूहळू फिकट होते, चिडचिडे होते, त्याची भूक मंदावते आणि भूक मंदावल्याने लोह आणखी घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाचव्या फेरीत देशातील 6 ते 59 महिने वयाच्या 67.1 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 68.9 टक्के होते. इतक्या मोठ्या संख्येत केवळ गरिबाघरची मुले असणे शक्य नाही. भरल्या कोठीच्या घरातही बाळ लोहावाचून राहू शकते.

शाकाहारी घरांत आणखी एका घटकाची काळजी घ्यावी लागते, ती ब-12 जीवनसत्त्वाची. वनस्पतिजन्य अन्नातून ते मिळत नाही. दूध, दही, पनीर यांतून थोडे मिळते. आईच्याच शरीरात त्याची उणीव असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. अशा आईच्या केवळ दुधावर बाळ आठ-दहा महिने राहिले तर त्याचा विकास खुंटू शकतो. हसणारे बाळ मलूल होते, बसू लागलेले बाळ पुन्हा कलंडते, केस विरळ होतात, कातडी काळवंडते आणि कधी हातपाय थरथरू लागतात. भारतातील बालरोगतज्ज्ञ हा आजार कित्येक दशकांपासून ओळखतात. तो वेळीच ओळखला तर उपचार सोपे असतात, उशीर झाला तर बौद्धिक वाढीवर परिणाम राहू शकतो. म्हणून बाळंतिणीने स्वतःची ब-12 ची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घेणे आणि उणीव असल्यास औषध घेणे, ही बाळाच्या आहाराची पहिली पायरी होय. ‘बाळ आळशी आहे, आमच्याकडे सगळे उशिराच चालतात’ असे म्हणून आजीने या लक्षणांकडे कानाडोळा करू नये.

आचार आणि आहार

डॉक्टरांच्या कागदावर बाळासाठी गाजर, बटाटा, रताळे, बीट लिहिलेले असते. कधी अंडेही सुचवलेले असते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात तो कागद घडी करून बाजूला ठेवला जातो आणि बाळाच्या वाटीत उरते डाळीचे पाणी. खरी हानी इथे होते. कंदमूळ वगळल्याने बाळाचे काही अडत नाही, पण त्याच्या जागी काहीच न दिल्याने फार अडते.

गाजरातून जे अ-जीवनसत्त्व मिळायचे ते लाल भोपळा आणि पपई यांतून मिळते. आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत आंबा खाणाऱ्या घरांत उन्हाळ्यात पिकलेला आंबाही आहे. बटाट्याचे काम कच्चे केळे करते. ते उकडून, कुस्करून, तूप घालून दिले की बाळ आवडीने खाते. प्रथिनांसाठी मूग आणि मसूर आहेत, पनीर आणि ताजे दही आहे. लोहासाठी राजगिरा, नाचणी, डाळ्यांचे पीठ, वाटलेले तीळ, बिया काढून कुस्करलेला खजूर आहे. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. नाचणीला मोड आणून सत्त्व काढण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर आहे. ज्या घरांत मोड आलेले धान्य वर्ज्य आहे, तिथे नाचणी स्वच्छ धुऊन, सुकवून, मंद आचेवर भाजून दळली तरी खीर उत्तम होते.

वनस्पतींतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याला आंबटाची जोड लागते. वरणभातावर लिंबाचे चार थेंब, खिचडीनंतर मोसंबीच्या दोन फोडींचा गर, एवढ्यानेही शोषण वाढते. याउलट चहा ते रोखतो. बशीत चहा ओतून त्यात बिस्किट बुडवून बाळाला भरवण्याची आजोबांची प्रेमळ सवय म्हणूनच बंद व्हायला हवी.

आचाराचे कितीतरी नियम मात्र बाळाच्या बाजूचेच आहेत. मध जैन घरात अभक्ष्य मानला जातो. वैद्यकशास्त्रही एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असेच सांगते, कारण त्यातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. तेव्हा बाळघुटी मधात उगाळून देण्याचा शेजारचा सल्ला दोन्ही कारणांनी नाकारावा. पाणी गाळून, उकळून घेणे आणि ठरावीक प्रहरांनंतर ते न वापरणे, ही शिस्त बाळाच्या पोटाला वरदान आहे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात सर्वांत कमी मानली जाते, आणि जुलाबाचा धोकाही याच दिवसांत मोठा असतो. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची पाळली जाते. बाळाच्या नाचणीच्या पिठालाही हाच नियम लावला तर डब्यात जाळी धरण्याची वेळ येत नाही. शिळे न खाण्याचा दंडक तर बाळासाठी अक्षरशः पाळावा. सकाळची खिचडी संध्याकाळी गरम करून देऊ नये.

द्विदल टाळणाऱ्या घरांत मुगाच्या खिचडीत कच्चे दही मिसळत नाहीत. अशा वेळी सकाळी खिचडी आणि दुपारी दहीभात असे वेगळे केले की नियमही राहतो आणि बाळाला दोन चवी कळतात. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी नसेल तर त्या दिवशी मूग, राजगिरा, तूप आणि दूध यांवर भर द्यावा. चातुर्मासात पालेभाजी बंद असेल तर हे पर्याय रोजचेच होतात आणि डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध न चुकता देणे अधिक महत्त्वाचे ठरते. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात 6 ते 59 महिन्यांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोह व फॉलिक अॅसिडचे सरबत देण्याची तरतूद आहे. त्यात 20 मिलिग्रॅम लोह असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही, केवळ घरच्या अन्नातून गरज भागत नसेल तिथे पूरक औषधांचा उपयोग मान्य केला आहे. औषध देणे म्हणजे आईच्या स्वयंपाकाचा पराभव नव्हे.

सूर्यास्त आणि पर्युषण

चौविहार पाळणाऱ्या घरात बाळाच्या रात्रीच्या जेवणावरून मतभेद होतात. थोडी आखणी केली तर वाद उरत नाही. आजी-आजोबा सूर्यास्तापूर्वी जेवतात त्याच पंगतीत बाळाला बसवावे. त्याचे पोट भरते आणि झोपेपूर्वी पचायला वेळही मिळतो. रात्री त्याला लागते ते आईचे दूध, आणि ते त्याला मागेल तेव्हा मिळाले पाहिजे. उल्हासनगरचे दुकान बंद करून वडील लोकलने रात्री साडेनऊला घरी येतात आणि प्रेमाने झोपलेल्या बाळाला उठवून पेढ्याचा तुकडा भरवतात, हे मात्र कोणत्याच नियमात बसत नाही.

पर्युषणात स्तनदा मातेच्या उपवासाचा प्रश्न अधिक नाजूक असतो. जावा-नणंदा अठ्ठाई करत असताना आपण मागे राहिलो, ही खंत अनेक सुनांच्या मनात असते. पण सोळा कारणभावनांमध्ये तप सांगितले आहे ते शक्तीनुसार. जिच्या दुधावर दुसरा जीव वाढतो आहे, तिची शक्ती तिच्या एकटीची नसते. सासूबाईंनी स्वतः पुढे होऊन ‘यंदा तू स्वाध्याय कर, सामायिक कर, उपवास पुढच्या वर्षी’ असे म्हटले, तर त्या एका वाक्याने सुनेचे मन हलके होते.

किती, कसे, केव्हा

सुरुवात दोन-तीन चमचे घट्ट मऊ अन्नाने करावी. घट्ट म्हणजे चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळून न जाणारे. डाळीचे पाणी, भाताची पेज, पातळ सूप यांनी पोट भरते आणि ऊर्जा मात्र नाममात्र मिळते. बाळाचे पोट लहान असते. त्यातील जागा पाण्याने अडवली तर अन्नाला ठाव कुठून राहणार? वरण घट्ट असावे, भात त्यात पूर्ण कुस्करलेला असावा आणि वर चमचाभर तूप असावे.

सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू 250 मिलिलिटरच्या वाटीची अर्धी वाटी होईपर्यंत द्यावे. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे फळ. वर्षाच्या बाळाला पाऊण ते एक वाटी आणि घरातलेच, तिखटाविना वेगळे काढलेले जेवण. आईच्या दुधाव्यतिरिक्त अन्नातून सहा ते आठ महिन्यांत दिवसाला सुमारे 200, नऊ ते अकरा महिन्यांत 300 आणि वर्षानंतर 550 किलोकॅलरी मिळाव्यात, असा ढोबळ हिशेब आहे. वर्षापर्यंत वरून मीठ आणि साखर घालू नये. गाईचे दूध खिरीत थोडे चालते, पण वर्षाच्या आत ते मुख्य पेय होऊ नये. बाळ आजारी असेल तर अन्न तोडू नये, थोडे थोडे अधिक वेळा द्यावे.

व्यापाऱ्याला एक गोष्ट उपजत कळते. माल गळ्यात मारला की गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. बाळाचेही तसेच आहे. नाक दाबून, मोबाईलवर गाणी लावून, पाठीमागे धावून भरवलेला घास पोटात गेला तरी अन्नाविषयी नावड ठेवून जातो. नवी चव पहिल्यांदा थुंकली म्हणजे ती नकोच असे नसते. चार दिवसांनी पुन्हा द्यावी, त्यानंतरही द्यावी. आठ-दहा वेळा समोर आल्यावर तीच चव बाळ आपली म्हणून स्वीकारते. त्याने तोंड फिरवले की थांबावे. त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे. भात कपाळाला लागेल, वरण गादीवर सांडेल, पण उकडलेल्या लाल भोपळ्याचा मऊ तुकडा मुठीत धरून तोंडापर्यंत नेण्यात त्याचे डोळे, हात आणि बुद्धी एकत्र काम करत असतात.

आणि वजनाची नोंद ठेवावी. रोज रात्री रोजमेळ बसल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, त्यांच्याच घरात माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीचा आलेख अनेकदा कोरा असतो. बाळाचे वजन साधारण पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. आलेखाची रेघ आडवी झाली तर ती तुटीची सूचना असते, आणि तुटीकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही पेढीला परवडत नाही.

शोध घेणारे हात

खाणे आणि जग पाहणे या वयात वेगळे नसते. बाळाचे तोंड हेच त्याचे तपासणीचे साधन असते. नवव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागली की जमिनीवरचा कण न् कण त्याला दिसतो. व्यापाऱ्याच्या घरात दुकान आणि घर यांची सीमा पुसट असते, म्हणून जपावेही अधिक लागते. जीन्सचे काम करणाऱ्याच्या घरी बटणे आणि रिबिटे, कापडवाल्याकडे टाचण्या आणि डांबराच्या गोळ्या, किराणावाल्याकडे सुपारी, शेंगदाणे, अख्खे हरभरे, सराफाकडे मणी आणि रासायनिक पूड. खोक्यांतून निघणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या तर सगळीकडेच. सर्वांत घातक म्हणजे रिमोट आणि छोट्या वजनकाट्यांतील चपटा बटणासारखा सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे.

शेंगदाणे अख्खे कधीच देऊ नयेत. बारीक कूट खिरीत नीट मिसळून चालते. द्राक्षांचे लांबट चार तुकडे करावेत. घास अडकून बाळाचा आवाज बंद झाला, खोकताही येईना, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. अडकलेले निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत आणि हाच क्रम सुरू ठेवावा. दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधू नये, ती आत ढकलली जाते. त्याच वेळी दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने, दुकानावरील गुमास्त्यानेही हे शिकून ठेवावे.

पण भीतीने बाळाला दिवसभर पाळण्यात बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. एक खोली अशी असावी जिथे खालच्या हातभर उंचीत धोक्याचे काही नाही. तिथे त्याला रांगू द्यावे, वाटी आपटू द्यावी, चमचा दहादा खाली टाकू द्यावा. जमिनीवर मुंगी दिसली की ते थांबते, बोट पुढे करते. आजी हळूच त्याचा हात मागे घेते आणि म्हणते, ‘जपून, ती पण जीव आहे.’ शब्द त्याला कळत नाहीत, पण आजीच्या हातातला हळुवारपणा कळतो. जीवदयेचा पहिला पाठ पुष्कळदा असाच, रांगत्या वयात होतो.

वर्ष पुरे झाल्यावर आदिपुराणातील क्रममालेत व्युष्टी येते, म्हणजेच वर्षाची पूर्तता. त्या दिवशी घरात पुन्हा पाहुणे जमतात. सूर्यास्ताच्या आधीची पंगत बसते. आजी-आजोबांच्या मधोमध बाळ बसलेले असते, पुढे त्याची स्वतःची वाटी असते. कोणी घास पुढे केला की ते हात बाजूला सारते, आपल्याच मुठीत भात घेते, अर्धा सांडते, अर्धा खाते. मग उरलेल्या हाताने एक शीत उचलून ते आजीच्या ओठांशी नेते.

आजी हसत तोंड उघडते. बाहेर सूर्य अजून मावळलेला नसतो.